कन्सोलमध्ये केलेलं काम हातचं जाऊ देऊ नका: पायथन, आयपायथन आणि आर मधली सेशन हिस्टरी कशी सेव्ह करायची

कन्सोल, म्हणजे एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर मिळणारी खिडकी, उघडून थेट काम करायला बसलं की हात भराभर चालतो, म्हणजे फाइल वाचली, दोन कॉलम बघितले, तिसरा गाळला, चौथ्याची सरासरी काढली, ग्राफ काढला, तो पटला नाही म्हणून परत काढला आणि तासाभराने हवं ते उत्तर समोर असतं. ते उत्तर नेमकं कुठल्या ओळींतून आलं हे मात्र फक्त त्या उघड्या खिडकीला माहीत असतं. लाइट गेली, लॅपटॉप हँग झाला, सर्व्हरचं कनेक्शन तुटलं की संपलं. आकडा तुम्ही वहीत उतरवून ठेवला असेल पण तो कसा काढला हे गेलं, आणि माझ्या मते दोन्हीतलं जास्त मोलाचं तेच आहे, कारण चार महिन्यांनी गाइड किंवा ऑफिसातले साहेब विचारतात की हा आकडा आला कुठून, तेव्हा उत्तर म्हणून त्या ओळीच दाखवाव्या लागतात.

म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय. एक सांगून ठेवतो, कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे. टक्का, डॅश, अंडरस्कोर, टिंब ही चिन्हं मात्र जशी दिसतायत तशीच टाकायची, त्यातलं एकही गाळू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमचा कन्सोल हिस्टरी, म्हणजे टाइप केलेल्या ओळींची यादी, डिस्कवर लिहितो कधी? काही कन्सोल प्रत्येक ओळीनंतर लगेच लिहितात, काही फक्त तुम्ही नीट बाहेर पडलात तरच लिहितात. वर बाणाचं बटण दाबलं की जुनी ओळ येते म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की सेव्ह होतंय, पण ती ओळ मेमरीतून येतेय की फाइलमधून हे त्यावरून कळत नाही.

साधा पायथन

टर्मिनलमध्ये नुसतं पायथन टाइप करून जो तीन बाणांचा प्रॉम्प्ट येतो, त्याची गोष्ट आधी बघू. लिनक्स आणि मॅकवर पायथन ३.४ पासून हिस्टरी आपोआप तुमच्या होम फोल्डरमधल्या .पायथन_हिस्टरी या फाइलमध्ये जाते. सुरुवातीला टिंब आहे म्हणून ती फाइल साध्या यादीत दिसत नाही, एलएस -ए केलं की दिसते. पण ३.१२ पर्यंतच्या कन्सोलमध्ये ही फाइल लिहिली जाते ती बाहेर पडताना, म्हणजे एक्झिट() केलं किंवा कंट्रोल-डी दाबलं तर. टर्मिनलची खिडकी क्रॉसवर क्लिक करून बंद केली किंवा प्रोसेस किल झाली तर त्या बैठकीतलं (सेशनमधलं) काहीच फाइलमध्ये जात नाही. कितीतरी जण रोज क्रॉसवरच बंद करतात आणि मग हिस्टरी रिकामी का म्हणून शोधत बसतात.

दुसरा धोका याहून लपलेला आहे. दोन टर्मिनलमध्ये दोन पायथन उघडे असतील तर दोघांनीही सुरू होताना जुनी फाइल वाचलेली असते, आणि बंद होताना प्रत्येक जण आपल्याकडची पूर्ण यादी त्याच फाइलवर लिहितो. म्हणजे आधी बंद झालेल्याचं काम नंतर बंद झालेला पुसून टाकतो! यावर उपाय म्हणजे महत्त्वाचं काम झालं की बाहेर पडायची वाट न बघता तिथल्या तिथे वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहून टाकायचं:

इम्पोर्ट रीडलाइन
रीडलाइन.राइट_हिस्टरी_फाइल('पाऊस_काम.टीएक्सटी')

दोनच ओळी आहेत, रीडलाइन ही पायथनची हिस्टरी सांभाळणारी लायब्ररी. फाइल ज्या फोल्डरमधून पायथन सुरू केलं तिथे बनते, पूर्ण पाथ दिलात तर हव्या त्या जागी. यात फक्त तुम्ही टाइप केलेलं असतं, उत्तरं नसतात, आणि चुकलेल्या ओळी, अर्धवट ओळी, एररवाल्या ओळी सगळ्या असतात, शिवाय मागच्या दिवसांच्या ओळीही वर असतात, त्यामुळे फाइल उघडून खालून वर वाचत या. मॅकवर कधीकधी या फाइलच्या पहिल्या ओळीत हिस्टरी असं विचित्र लहानमोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं आणि मोकळ्या जागांऐवजी उलटी तिरकी रेघ आणि ०४० दिसतं, ती फाइल बिघडलेली नाही, मॅकवरचं पायथन बऱ्याचदा लिबएडिट नावाची वेगळी लायब्ररी वापरतं आणि तिची लिहायची पद्धत तशी आहे. एडिटरमध्ये शोधा-बदला केलं की झालं.

आता हे ३.१२ पर्यंतचं. ३.१३ मध्ये पायथनचा कन्सोलच नवीन आला, पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या रूपाच्या कोडवर आधारलेला, रंगीत प्रॉम्प्टवाला, आणि तो आपली हिस्टरी स्वतः सांभाळतो, म्हणून तिथे वरच्या रीडलाइनच्या ओळींवर विसंबू नका. तिथे एफ२ दाबा, सगळी हिस्टरी प्रॉम्प्टशिवाय आणि उत्तरांशिवाय स्वच्छ दिसते, तिथून सरळ कॉपी करून एडिटरमध्ये पेस्ट करता येते. अजून एक फायदा म्हणजे पूर्ण फंक्शन किंवा लूप एकच तुकडा म्हणून परत येतो, आधी एकेक ओळ वर बाणाने आणावी लागायची त्यातून सुटका. आणि ३.१३ पासूनच पायथन_हिस्टरी नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये ठरवून ठेवायचं सेटिंग) आलंय, नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहायचं, त्यात फाइलचा पाथ दिला की हिस्टरी तिथे जाते. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरसाठी वेगळी हिस्टरी ठेवायची सवय लावायची असेल तर याच्याइतकं सोपं काही नाही.

विंडोजवाल्यांनी लक्ष द्या, ३.१३ च्या आधी विंडोजवरच्या साध्या पायथनला रीडलाइनच नसायचं, त्यामुळे फाइलमध्ये काहीच जायचं नाही, बाणाने जे येतं ते त्या खिडकीपुरतं. जुनं व्हर्जन वापरत असाल तर अपग्रेड करा किंवा सरळ आयपायथन, म्हणजे पायथनचाच जास्त सोयींचा कन्सोल, टाका, आणि खरं सांगायचं तर रोज कन्सोलमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला मी आयपायथनच टाकायला सांगतो.

आयपायथन, इथे खरी मजबूत सोय आहे

फर्नांडो पेरेझ २००१ साली कोलोराडो विद्यापीठात बोल्डरला फिजिक्सची पीएचडी करत होते तेव्हा त्यांनी हे सुरू केलं, आणि पहिलं व्हर्जन म्हणजे पायथन सुरू होताना चालणारी २५९ ओळींची एक स्क्रिप्ट होती. प्रत्येक इनपुटला नंबर देणं ही कल्पना त्यात सुरुवातीपासून आहे, इन [१], इन [२] असं जे दिसतं ते, आणि त्या नंबरांमुळेच आपलं पुढचं काम इतकं सोपं होतं.

आत्ताच्या बैठकीतलं सगळं बघायचं असेल तर %हिस्टरी किंवा थोडक्यात %हिस्ट. नंबरांसकट हवं असेल तर -एन लावा. फाइलमध्ये हवं असेल तर:

%हिस्टरी -एफ काम.पाय

त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो विचारतो, पुसायची का म्हणून, तेव्हा घाईत वाय दाबू नका. सोबत -ओ लावलं तर उत्तरंही येतात, पण फक्त आउट म्हणून आलेली, प्रिंटने छापलेलं येत नाही, कारण ते आयपायथन साठवतच नाही.

मला जास्त आवडतं ते %सेव्ह. यात आपण निवडून घेऊ शकतो, म्हणजे सगळा कचरा न उचलता फक्त कामाच्या ओळी:

%सेव्ह पाऊस_सरासरी ३-८ १२ १५-२०

म्हणजे तीन ते आठ, बारावी, आणि पंधरा ते वीस. शेवटी .पाय तो स्वतः लावतो. नंतर अजून चार ओळी जोडायच्या असतील तर %सेव्ह -ए, तेच नाव आणि नवे नंबर. माझी पद्धत अशी की आधी %हिस्ट -एन करून यादी डोळ्यांखालून घालतो, चाललेल्या ओळींचे नंबर कागदावर लिहितो आणि मग %सेव्ह करतो, दोन मिनिटं जातात पण हातात जी फाइल येते ती वाचण्यासारखी असते. पूर्ण बैठक हवी असेल तर नंबरांच्या जागी ~०/ लिहा. आणि कालची बैठक हवी असेल तर ~१/, परवाची ~२/, म्हणजे नागमोडी रेघ, किती बैठका मागे तो आकडा, आणि तिरकी रेघ. ~१/५-९ असंही चालतं. फक्त मध्ये दुसऱ्या टर्मिनलवर आयपायथन उघडलं असेल किंवा एखादी ज्युपिटर नोटबुक चालू केली असेल तर तीही बैठक मोजली जाते, म्हणून ~१/ म्हणजे तुम्हाला वाटतेय तीच बैठक आहे ना हे आधी %हिस्टरी ~१/ करून बघा आणि मगच सेव्ह करा.

अजून एक बारीक गोष्ट. %टाइमइट सारख्या टक्क्यावाल्या कमांड किंवा उद्गारचिन्ह लावून चालवलेल्या शेल कमांड तुमच्या हिस्टरीत असतील तर %हिस्टरी -एफ त्या जशाच्या तशा लिहितो आणि मग ती फाइल साध्या पायथनला वाचता येत नाही, सिंटॅक्स एरर येते. %सेव्ह त्यांचं पायथनच्या फंक्शन कॉलमध्ये रूपांतर करून लिहितो, पण ते फंक्शनही आयपायथनचंच असतं, म्हणून फाइल साध्या पायथनवर चालवायची असेल तर त्या ओळी हाताने काढून टाका.

काम सुरू करतानाच लॉग चालू करा

सेव्ह करायचं लक्षात ठेवावं लागतं हीच मुळात अडचण आहे. त्यामुळे ज्या दिवशी काम महत्त्वाचं आहे त्या दिवशी पहिली ओळ हीच टाका:

%लॉगस्टार्ट -ओ -टी काम_लॉग.पाय अपेंड

-ओ मुळे उत्तरं कॉमेंट म्हणून लिहिली जातात, -टी मुळे प्रत्येक इनपुटच्या आधी वेळ लिहिली जाते, आणि अपेंड म्हणजे उद्या परत हीच ओळ टाकली तरी आजचं न पुसता खाली जोडत जातो. हे दोन्ही पर्याय फाइलच्या नावाच्या आधीच लिहायचे, नंतर नाही. उत्तरं आणि वेळ दोन्ही कॉमेंटमध्ये असल्याने फाइल परत चालवायला ती आड येत नाहीत, ही याची सगळ्यात चांगली बाजू, की वाचायला डायरी आणि चालवायला प्रोग्राम. आणि सुरुवातीला टाकायचं विसरलात तरी हरकत नाही, मध्येच %लॉगस्टार्ट केलं तर त्या बैठकीतलं तोपर्यंतचं सगळं आधी फाइलमध्ये लिहून मग तो पुढे चालू राहतो. थोडा वेळ थांबवायचं असेल तर %लॉगऑफ, परत सुरू %लॉगऑन, चालू आहे का बघायला %लॉगस्टेट, आणि पूर्ण बंद करायला %लॉगस्टॉप.

काम गेलंय असं वाटत असेल तर आधी हे वाचा

हा भाग नीट वाचा कारण इथे बरंच काही परत मिळू शकतं. आयपायथन नुसती टेक्स्ट फाइल ठेवत नाही, ते एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा, डेटाबेस ठेवतं, ०.११ व्हर्जनपासून, आणि नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक कमांडनंतर त्यात लिहितं, बाहेर पडायची वाट बघत नाही. फाइल इथे असते:

~/.आयपायथन/प्रोफाइल_डीफॉल्ट/हिस्टरी.एसक्यूलाइट

ज्युपिटर नोटबुकचा पायथन कर्नल, म्हणजे मागे बसून सेल (कोडचे चौकोन) चालवणारा प्रोग्राम, हाही आतून आयपायथनच असतो आणि त्याच्याही चालवलेल्या सेल याच डेटाबेसमध्ये जातात. म्हणजे नोटबुक चुकून डिलीट झाली, सेल उडवली आणि अनडू चालेना, कर्नल मेला, ब्राउझर सेव्ह न करता बंद झाला, या सगळ्यात तुम्ही एकदा जरी ती सेल चालवली असेल तर कोड बहुतेक वेळा तिथे आहे. फक्त टाइप केलेली पण कधी न चालवलेली सेल तिथे नसते, ती गेली.

कर्नल अजून जिवंत असेल तर काहीही बंद करू नका, रिस्टार्ट तर अजिबात नको, एक नवीन सेल घ्या आणि त्यात %हिस्टरी चालवा, उडवलेल्या सेलसकट सगळं क्रमाने समोर येतं. कर्नल गेला असेल तर आयपायथन नव्याने उघडा आणि त्या कोडमधला एखादा शब्द आठवून शोधा:

%हिस्टरी -जी रीड_सीएसव्ही

-जी म्हणजे आजपर्यंतच्या सगळ्या बैठकांमध्ये शोध. उत्तरात प्रत्येक ओळीच्या आधी २४३/१७ असं काहीतरी येतं, म्हणजे २४३ नंबरच्या बैठकीतली १७ वी ओळ. बैठकीचा नंबर कळला की काम सोपं:

%हिस्टरी -एफ परत_मिळालेलं.पाय २४३/१-४०

खूप सामान्य शब्द शोधला तर पानंच्या पानं येतात, त्यामुळे कॉलमचं नाव किंवा फाइलचं नाव असा त्या कामापुरता वेगळा शब्द घ्या, -यू लावलं तर एकच ओळ पुन्हा पुन्हा येणंही थांबतं. शब्दच आठवत नसेल पण दिवस आठवत असेल तर तो डेटाबेस कुठल्याही एसक्यूलाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, आधी फाइलची कॉपी करून कॉपीवरच काम करा. आत सेशन्स नावाचं टेबल आहे, त्यात प्रत्येक बैठक कधी सुरू झाली ते आहे, तिथून नंबर घ्या. मग हिस्टरी नावाच्या टेबलमध्ये सेशन, लाइन, सोर्स आणि सोर्स_रॉ असे चार कॉलम आहेत:

सिलेक्ट लाइन, सोर्स_रॉ फ्रॉम हिस्टरी व्हेअर सेशन = २४३ ऑर्डर बाय लाइन;

एवढ्या एका क्वेरीत पूर्ण बैठक क्रमवार मिळते. गूगल कोलॅबवर मात्र हा आधार धरू नका, तिथलं मशीन तुम्हाला तात्पुरतं दिलेलं असतं, ते परत घेतलं गेलं की त्याच्या डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून तिथे %हिस्टरी -एफ करून फाइल लगेच ड्राइव्हवर टाका किंवा डाउनलोड करा.

आर वाल्यांसाठी

टर्मिनलमधल्या आर या आकडेवारीच्या भाषेत बाहेर पडायला क्यू() केल्यावर वर्कस्पेस सेव्ह करू का असा प्रश्न येतो, तिथे बरेच जण नको म्हणतात, आणि वर्कस्पेससाठी नको म्हणणं योग्यच आहे, पण त्या नकारासोबत हिस्टरीही जाते हे लक्षात येत नाही. म्हणून त्याआधी हाताने लिहा:

सेव्हहिस्टरी('काम.आरहिस्टरी')

परत आणायला लोडहिस्टरी आणि तेच नाव. आठवण ठेवायची ती मर्यादेची, आर नेहमीच्या सेटिंगला ५१२ ओळीच ठेवतो, दिवसभर काम केलंत तर सकाळचं गळून पडलेलं असतं, त्यामुळे आर_हिस्टसाइज हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाढवून ठेवा. टाइमस्टँप() केलं तर हिस्टरीत तारीख-वेळेची एक ओळ पडते, वेगवेगळे टप्पे ओळखायला ती फार कामाला येते. आरस्टुडिओ वापरत असाल तर हिस्टरीच्या टॅबमध्ये ओळी सिलेक्ट करून टू सोर्स दाबा, त्या सरळ स्क्रिप्टमध्ये जाऊन बसतात.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये .सेव्ह आणि फाइलचं नाव, परत आणायला .लोड. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्ये \एस आणि फाइलचं नाव. रूबीच्या आयआरबीची फाइल होममध्ये .आयआरबी_हिस्टरी. आणि कन्सोल कुठलाही असो, स्क्रीनवर आलेलं अक्षर न् अक्षर हवं असेल, प्रिंट आणि एररसकट, तर लिनक्स-मॅकवर कन्सोल उघडायच्या आधी स्क्रिप्ट ही कमांड फाइलचं नाव देऊन चालवा, आणि काम झालं की एक्झिट. दूरच्या सर्व्हरवर काम करत असाल तर हे सगळं टीमक्स या सर्व्हरवर चालू राहणाऱ्या टर्मिनल-प्रोग्रामच्या आत करा, म्हणजे नेट गेलं तरी बैठक तिथे चालूच राहते.

सेव्ह झालं म्हणजे काम संपलं नाही

हिस्टरीची फाइल म्हणजे अजून प्रोग्राम नाही. तुम्ही पाचव्या ओळीत एक व्हेरिएबल बनवलं, वीसाव्या ओळीत त्याच नावावर दुसरंच काही ठेवलं, मग परत वर जाऊन दहावी ओळ चालवली, असा तो प्रवास असतो, आणि निवडून सेव्ह करताना मधली एक ओळ सुटली तरी तुमच्या उघड्या खिडकीत सगळं चालतच राहतं कारण व्हेरिएबल मेमरीत आहे. म्हणून ताजा आयपायथन कन्सोल उघडा आणि त्यात %रन काम.पाय करा. नेम एरर आली तर कुठली ओळ राहिली ते लगेच कळतं, आणि जुनी खिडकी अजून उघडी असेल तर तिथून ती ओळ उचलता येते. त्यामुळे क्रम असाच ठेवा, आधी सेव्ह, मग नव्या खिडकीत चालवून तोच आकडा येतो का बघणं, आणि त्यानंतरच जुनी खिडकी बंद. यात आळस केलेला मला अजिबात पटत नाही, कारण ज्या क्षणी जुनी खिडकी बंद होते त्या क्षणी दुरुस्तीची संधी गेली.

चालली की फाइलच्या वर कॉमेंटमध्ये तारीख, डेटाची फाइल कुठून घेतली आणि लायब्ररींची व्हर्जन लिहून ठेवा, व्हर्जनसाठी पिप फ्रीझ केलं की यादी मिळते. यादृच्छिक आकडे वापरले असतील तर सीड, म्हणजे ते आकडे ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून बनतात तो, हाही त्यात हवा, नाहीतर तोच कोड वेगळं उत्तर देईल.

आणि पासवर्ड. कन्सोलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआयची की सरळ अवतरणचिन्हांत टाइप केली की ती हिस्टरीत, लॉगमध्ये, डेटाबेसमध्ये सगळीकडे जाऊन बसते, आणि मग तीच फाइल आपण मित्राला मेल करतो किंवा गिटहबवर टाकतो. गेटपास मॉड्यूलमधलं गेटपास() वापरा, ते पासवर्ड वेगळा विचारतं आणि हिस्टरीत फक्त ती कॉलची ओळ राहते. आधीच गेली असेल तर फाइलमधून ओळ काढणं पुरेसं नाही, पासवर्डच बदला. आयपायथनची सगळी हिस्टरी पुसायची असेल तर टर्मिनलमध्ये आयपायथन हिस्टरी क्लिअर, आणि फक्त शेवटच्या १००० ओळी ठेवून बाकीची काढायची असेल तर आयपायथन हिस्टरी ट्रिम. हिस्टरी आणि लॉगच्या फाइलींची नावं गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फाइली सोडायच्या त्या यादीत) घाला, आणि शेअर्ड सर्व्हरवर असाल तर सीएचमॉड ६०० करा म्हणजे दुसऱ्याला वाचता येणार नाही.

लॅपटॉप बदलताना लोक फोटो, डॉक्युमेंट, डेस्कटॉप सगळं कॉपी करतात आणि टिंबाने सुरू होणारे फोल्डर दिसत नाहीत म्हणून राहून जातात. जुना लॅपटॉप कुणाला द्यायच्या आधी आयपायथन आणि ज्युपिटर पूर्ण बंद करा, ती हिस्टरी.एसक्यूलाइट फाइल उचला आणि नव्या लॅपटॉपवर त्याच फोल्डरमध्ये तिथली ताजी फाइल बाजूला करून ठेवा, मग %हिस्टरी -जी केलं की जुन्या मशीनवरचं कामही शोधता येतं.